ऊस उभा असताना बघायचे सिनेमे

रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी दिलेल्या माणसाला भीती म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. थ्री फेज रात्री येते आणि पहाटे जाते. मग खोरं खांद्यावर टाकायचं, बॅटरी हातात घ्यायची आणि दारं धरायला निघायचं. ऊस डोक्यावरून चार हात वर गेलेला असतो. वारं पडलेलं असतं. सरीतून पाणी पुढं सरकायला लागलं, की वाळल्या पाचटाखाली एक बारीक चुरचुर सुरू होते, आणि ती आपल्या दोन पावलं पुढं चालत राहते. ते पाणीच आहे, हे डोक्याला माहीत असतं. पाठीला ते पटत नाही.

मी इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर वाढलो. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा आणि त्यात रामसे बंधूंचा एखादा खेळ हमखास असायचा, 'पुराना मंदिर' (१९८४) किंवा 'वीराना' (१९८८). सुळे, धूर, किंकाळ्या. आम्ही पोरं सगळ्यात पुढं मातीत बसून ओरडायचो आणि मनापासून खूश व्हायचो. खरी परीक्षा असायची घरी जाताना. दोन्ही बाजूंनी ऊस, मधून गाडीवाट, आणि पुढं चालणाऱ्या थोरल्या चुलत्याच्या विडीचा तेवढा लाल ठिपका. त्या वाटेवर पडद्यावरचं ते थोबाड कुणाला आठवायचं नाही. आठवायचं ते सिनेमातलं अर्धं उघडं राहिलेलं दार, किंवा कुणी नसताना हललेला कंदील. तेव्हापासून भयपट निवडताना मी एकच गोष्ट बघतो. त्यातली जागा माझ्याबरोबर घरापर्यंत चालत येते का?

पुढं जे सिनेमे सांगतोय ते या कसोटीला उतरलेले आहेत. बारामती-इंदापूरच्या वाचकासाठी मी ते ऋतूंप्रमाणे लावले आहेत, कारण आपल्याकडं भीतीच्या जागा ऋतूंप्रमाणे बदलतात. भाद्रपद-आश्विनात ती उसात असते, चैत्र-वैशाखात ती धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळात असते.

पहिला 'लपाछपी'

ऊस तोडणीला यायच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला, विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' बघा. हा मराठी सिनेमा जुलै २०१७मध्ये आला. आपल्या मातीतला भयपट म्हणून कुणी एकच विचारला तर मी हाच सांगतो. नेहा (पूजा सावंत) आठ महिन्यांची गरोदर आहे. पैशांसाठी मागं लागलेल्या लोकांपासून लपायला ती आणि तिचा नवरा गाडीच्या ड्रायव्हरच्या गावी येतात. घर उसाच्या मधोमध. घरात ड्रायव्हर भाऊराव आणि त्याची बायको तुळसाबाई. ही तुळसाबाई उषा नाईक यांनी केली आहे, आणि सिनेमा निम्मा त्यांचा आहे.

या सिनेमाचं मोठेपण असं, की त्यातली बरीचशी भीती भर दुपारी घडते. लख्ख ऊन, हिरवागार फड, घामेजलेली माणसं. अंधाराचा आडोसा दिग्दर्शकाला लागत नाही, कारण ऊस स्वतःच आडोसा आहे. फडात शिरलेल्या माणसाला चार हातांपलीकडचं दिसत नाही, पण ऐकू मात्र सगळं येतं. आवाज कुठून येतोय हे तेवढं कळत नाही. पूजा सावंत उसातून पळते तेव्हा पानांच्या कडा तिच्या दंडांना घासतात, ती तोंडापुढं हात धरते, आणि वळून बघते तर आली ती सरी कुठली हेच तिला उमगत नाही. ज्यानं कधी चुकलेलं वासरू शोधायला फडात पाय टाकलाय, त्याला हे दृश्य खोटं वाटायची सोय नाही. आपल्याकडची म्हातारी माणसं याला चकवा म्हणतात.

आणि तुळसाबाई. गरोदर बाईला जपणारी, गरम जेवू घालणारी, हुकमी आवाजाची ही बाई प्रत्येकाच्या भावकीत कुठंतरी असते. तिची माया नेमकी कुठल्या क्षणी जाच होते, ते बोट ठेवून सांगता येत नाही. गोष्ट पुढं कुठं जाते ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की ती घराघरात घडलेल्या एका पापाशी जाऊन भिडते आणि मुलगी नको असलेल्या प्रत्येक घराला तोंडावर विचारते. घरात कुणी गरोदर असेल, किंवा कुणाचं मूल नुकतंच गेलं असेल, तर त्यांच्यासमोर हा सिनेमा लावू नका. हे मी काळजीनं सांगतोय.

फुरियांनीच हा सिनेमा २०२१मध्ये 'छोरी' नावानं हिंदीत केला. त्यातही ऊस आहे, नुसरत भरुचा आहे, मीता वशिष्ठ यांचं काम तर फारच भक्कम आहे. पैसा जास्त लागलेला दिसतो. तरीही आधी मराठी बघा. मराठीतली तुळसाबाई आपल्या भाषेत दटावते आणि त्या दटावण्यानं अंगावर जो काटा येतो, तो हिंदीत येत नाही.

'लपाछपी' आवडला तर त्याचा एक लांबचा जपानी नातेवाईक आहे, कानेतो शिंदो यांचा 'ओनिबाबा' (१९६४). कृष्णधवल आहे. चौदाव्या शतकातली लढाई सुरू आहे, पुरुष तिकडं गेलेत, आणि माणसापेक्षा उंच गवताच्या रानात सासू-सून दोघीच राहतात. वाट चुकून आलेल्या सामुरायांना मारायचं, प्रेतं एका खोल खड्ड्यात ढकलायची आणि चिलखतं विकून धान्य आणायचं, हा त्यांचा धंदा. गवत सतत हलत असतं आणि ढोल वाजत असतात. पुढं एक मुखवटा येतो. कथेपेक्षा ते गवत जास्त दिवस लक्षात राहतं. हा सिनेमा केवळ प्रौढांसाठी आहे. पोरं झोपली की लावा.

वाडा आणि पीठ

'तुंबाड' बघितला नाही असा माणूस आता विरळाच. पण तो नीट बघितलेली माणसं मला कमी भेटतात, म्हणून त्यावर जरा थांबतो.

राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी व्हेनिस महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा पडदा याच सिनेमानं उघडला होता. राही हे लेखक अनिल बर्वे यांचे चिरंजीव. नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्रानं नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि ती डोक्यात घर करून बसली, असं त्यांनी सांगितलेलं आहे. ते साल १९९३. म्हणजे कथा ऐकल्यापासून सिनेमा पडद्यावर यायला २५ वर्षं गेली. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतलं, गोष्ट मात्र वेगळी. पाऊस खरा हवा म्हणून अनेक पावसाळे थांबून चित्रीकरण केलं. पंकज कुमार यांच्या छायाचित्रणात तो पाऊस असा काही दिसतो, की आपल्यासारख्या पर्जन्यछायेतल्या माणसाला ढग बघूनच धास्ती वाटावी. आपल्याकडं पावसाची वाट बघतात. तुंबाडात तो थांबायची.

आणि त्यातला वाडा कोकणातला नाही! तो आपल्याच पुणे जिल्ह्यात सासवडला आहे, सरदार पुरंदऱ्यांचा वाडा. बारामतीहून मोरगाव-जेजुरीच्या रस्त्यानं गेलात की वाटेवर आहे. सिनेमा बघून झाल्यावर एकदा तो बुरुजांचा दरवाजा दिवसाउजेडी बघून या. बाहेरूनच बघा, परवानगीशिवाय आत शिरू नका.

दुसऱ्यांदा बघताना सोन्याकडं दुर्लक्ष करा आणि पिठाकडं बघा. हस्तर हा पूर्तीच्या देवीचा पहिला मुलगा. त्यानं सोनं घेतलं, धान्यावर हात टाकला, आणि देवांनी त्याला धान्य मिळूच दिलं नाही. म्हणून तो युगानुयुगं भुकेला आहे. विनायक त्याच्याकडं जाताना काय नेतो? तलवार नाही, मंत्र नाही. कणकेची बाहुली नेतो. पिठाचं रिंगण आखून त्यात बसतो. आपल्या घरात रोज परातीत मळली जाते ती कणीक. भीतीची एवढी मोठी इमारत इतक्या साध्या घरगुती वस्तूवर उभी केलेला दुसरा भारतीय सिनेमा मला माहीत नाही. शाळू-बाजरीच्या रानात ऊस आला, पैसा आला आणि ज्वारी विकत आणायची वेळ आली, हे ज्या पट्ट्यानं बघितलंय, तिथल्या माणसाला सोनं आणि पीठ यांतला हा झगडा फार जवळचा वाटेल.

पहिल्या वेळी हा सिनेमा थेटरात फार टिकला नाही. सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा त्यानं पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली. त्याला 'प्रौढांसाठी' असं प्रमाणपत्र आहे. सहावी-सातवीतल्या पोरांना घेऊन बसणारे आईबाप मी बघितलेत, कृपा करून तसं करू नका. आजीचा प्रसंग त्या वयाला झेपत नाही.

वाड्यांचा विषय निघालाय तर मल्याळीतले दोन सिनेमे सांगतो, दोन्ही राहुल सदाशिवन यांचे. 'ब्रह्मयुगम' (२०२४) पूर्ण कृष्णधवल आहे. जंगलातलं पडझड झालेलं एक घर, त्यात मामुट्टी, त्याचा आचारी, आणि गुलामीतून पळून आलेला एक गाणारा. तो पाहुणा म्हणून आत येतो आणि बाहेर पडायची वाट हरवते. खाली मान घालून मालकापुढं उभं राहायची जी सवय आपल्या समाजानं शतकानुशतकं लावली, तिचा हा सिनेमा आहे. 'भूतकालम' (२०२२) याच्या उलट, आजच्या काळातला. आजी गेल्यानंतर भाड्याच्या घरात उरलेली आई आणि नोकरी न लागलेला मुलगा. आई झालेल्या रेवतींना या भूमिकेसाठी केरळ राज्याचा पुरस्कार मिळाला. पहिला तासभर जवळजवळ काहीच घडत नाही. ती दोघं एकमेकांशी धड बोलत नाहीत, एवढंच घडतं, आणि तेच पुरतं. डी. एड., बी. एड. करून घरी बसलेली पोरं आपल्या गावागावांत आहेत. त्यांच्या आयांनी हा सिनेमा बघावा असं मला फार वाटतं.

एकाच घरात घडणारा आणखी एक म्हणजे राम गोपाल वर्मांचा 'कौन' (१९९९). पावसाळी दिवस, घरात एकटी ऊर्मिला मातोंडकर, दारावर मनोज वाजपेयी. गाणं एकही नाही. भूत आहे की नाही हाच प्रश्न. दीड तासात संपतो, एका दमात बघा.

विकलेली जमीन

हा भाग मी मुद्दाम वेगळा काढला, कारण इथला सिनेमा लोक विसरून गेलेत. 'गहराई', १९८०. दिग्दर्शन विकास देसाई आणि अरुणा राजे यांचं, लेखनात विजय तेंडुलकर. चेन्नाबसप्पा नावाचा बंगळुरात राहणारा सुशिक्षित, करडा माणूस गावाकडची वडिलोपार्जित जमीन साबणाच्या कारखान्याला विकून टाकतो. ती जमीन आयुष्यभर सांभाळणारा बसवा त्याला विनवतो. हा बसवा सुहास भालेकरांनी केलाय, आणि त्यांचा चेहरा विसरता येत नाही. पुढं घरातल्या मुलीला, उमाला, काहीतरी होतं. पद्मिनी कोल्हापुरे तेव्हा लहान होती, आणि तिनं काय काम केलंय!

चेन्नाबसप्पा झालेत डॉ. श्रीराम लागू. पेशानं डॉक्टर, विचारानं पक्के विवेकवादी, पुढं नरेंद्र दाभोलकरांच्या बरोबरीनं अंधश्रद्धेविरुद्ध व्यासपीठावर बसलेले. त्यांनीच हा न मानणारा बाप केलाय. मुलीच्या तोंडून अनोळखी आवाज येतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर भीतीच्या आधी अपमान दिसतो. आपल्या घरात, आपल्या नियमांबाहेरचं काहीतरी घडतंय, हा अपमान. तो एक क्षण बघायला सिनेमा शोधून काढा.

आपल्याकडं एमआयडीसीला जमिनी गेल्या, पालखी महामार्गाला गेल्या, धरणाला तर गावंच्या गावं गेली. मोबदला मिळाला, घरं झाली, पोरं शिकली. पण बांधावरच्या म्हसोबाचं काय करायचं, विहिरीवरच्या साती आसरांना कुठं न्यायचं, हे प्रश्न ज्या घरांतल्या म्हाताऱ्यांनी विचारले त्यांना 'गहराई' उगाच भुताचा सिनेमा वाटणार नाही. मी तो माझ्या आत्याबरोबर बघितला होता. तिला हिंदी फारसं कळत नाही. बसवा हात जोडून उभा राहिला तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. सिनेमा संपल्यावर 'त्याला रान दिसतंय, मालकाला सातबारा दिसतोय,' एवढं बोलून ती चहा ठेवायला उठली.

हाच धागा आजच्या काळात पकडतो तो 'जारण'. हृषीकेश गुप्ते यांचा हा मराठी सिनेमा जून २०२५मध्ये आला. गुप्ते स्वतः भयकथांचे लेखक आहेत, आणि ते जाणवतं. राधाच्या (अमृता सुभाष) लहानपणी घरात राहायला आलेली गंगुटी (अनिता दाते) आणि तिची दहशत. खरोखर कुणी काही केलंय, की मनानंच मनाला बांधून घातलंय? सिनेमा हा प्रश्न बराच वेळ हातातून सुटू देत नाही.

या दोन सिनेमांनंतर घरात बोलणं होईल, आणि ते व्हावंच. फक्त एक लक्षात असू द्या. घरातली सून, मुलगी गप्प झाली, झोपेनाशी झाली, वेगळं बोलायला लागली, तर तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं असतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, कोंडून ठेवणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. भुताच्या गोष्टी मला जिवापाड आवडतात, म्हणूनच त्या पडद्यावर आणि पुस्तकात राहाव्यात, कुणाच्या अंगावर वळ होऊन उमटू नयेत, असं मला वाटतं.

बुडालेलं गाव

उन्हाळ्याचा सिनेमा आता. उजनीचं पाणी खाली गेलं, की इंदापूर तालुक्यात पळसदेवला जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्यातून वर येतं. आधी शिखर, मग खांब, फार आटलं तर सगळं आवार. भोवती जुन्या वस्तीच्या खुणा, भेगाळलेला गाळ, मेलेल्या शिंपल्यांचा खच. भीमा अडवून धरण झालं तेव्हा ही माणसं वर उठून गेली, देव मात्र खाली राहिला. त्या आवारात उभं राहिलं की एक विचित्र शांतता असते. इथं चूल पेटायची, इथं बैल बांधायचे, आणि वर्षातले बहुतेक महिने इथं डोक्याच्या कितीतरी वर पाणी असतं.

ती शांतता मला पडद्यावर एकदाच भेटली. 'कार्निव्हल ऑफ सोल्स', १९६२, दिग्दर्शक हर्क हार्वे. हा माणूस अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात शैक्षणिक आणि कारखान्यांसाठीचे माहितीपट बनवायचा. एकदा गाडीनं जाताना त्याला युटातल्या खाऱ्या सरोवराकाठी साल्टेअर नावाची ओसाड पडलेली करमणुकीची जागा दिसली. सरोवराचं पाणी मागं हटलेलं, आणि घुमट असलेली ती भव्य इमारत कोरड्या मिठाच्या रानात एकटी उभी. ती बघून त्यानं सिनेमा करायचं ठरवलं. सुमारे ३३ हजार डॉलरमध्ये, जेमतेम तीन आठवड्यांत.

पुलावरून एक गाडी नदीत पडते. बऱ्याच वेळानं त्यातली एक मुलगी, मेरी, चिखलानं भरलेली, वाळूच्या बेटावर चालत वर येते. ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी धरते आणि पुढं निघते. पण अधूनमधून तिच्याभोवतीचे सगळे आवाज बंद होतात आणि ती लोकांना दिसेनाशी होते. आणि ती रिकामी इमारत तिला लांबून ओढत राहते. रक्ताचा थेंब नाही. सिनेमाभर ऑर्गनचे सूर आहेत. हा सिनेमा कॉपीराइटमुक्त आहे, त्यामुळं इंटरनेटवर फुकट आणि कायदेशीर बघता येतो. इंग्रजी साधं आहे, आणि नाही समजलं तरी अडत नाही. मे महिन्यात, पळसदेवला जाऊन आल्याच्या रात्री बघा.

बंगालीतला 'मणिहारा' हाही पाण्याकाठचा आहे. सत्यजित राय यांच्या 'तीन कन्या' (१९६१) मधली ही मधली गोष्ट, रवींद्रनाथांच्या कथेवरची. ओस पडलेल्या मोठ्या घराच्या घाटावर बसून एक मास्तर गोष्ट सांगतो, दागिन्यांत जीव अडकलेल्या एका बायकोची. तासाभराची आहे. म्हाताऱ्या माणसांबरोबर बघायला ही सगळ्यात चांगली, कारण त्यांना ती लगेच ओळखीची वाटते.

याच घरंदाज जातीतला आणि त्याहून जुना 'महल' (१९४९). कमाल अमरोहींचा पहिला सिनेमा, अशोककुमार आणि मधुबाला. झोका, झुंबर, लांबून येणारा लतादीदींचा आवाज. आजच्या पोरांना संथ वाटेल. वाटू द्या.

लावण्याआधी

एवढे सिनेमे सांगून उपयोग नाही, जर ते दुपारी पंख्याखाली मोबाइलवर बघितले जाणार असतील. हे सगळे सिनेमे सावल्यांचे आणि बारीक आवाजांचे आहेत. 'तुंबाड' मोबाइलवर बघणं म्हणजे पुरणपोळीचा वास घेऊन उठणं.

टीव्ही असेल तर आधी त्याची सेटिंग बघा. दुकानातून आलेला टीव्ही बहुतेक 'व्हिविड' नावाच्या भडक मोडवर असतो. त्यात काळोख राखाडी होतो आणि माणसांचे चेहरे लाल. तो बदलून 'सिनेमा', 'मूव्ही' किंवा 'फिल्ममेकर' मोड करा. हालचाल गुळगुळीत करणारा एक पर्याय असतो, प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, पण बहुधा त्यात 'मोशन' हा शब्द असतो. तो बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसतो. खोलीतली ट्यूब बंद करा आणि टीव्हीच्या पडद्यावर उजेड पडेल असा दिवा ठेवू नका. कृष्णधवल सिनेमा असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं.

आवाजाचं तर त्याहून महत्त्वाचं. पातळ टीव्हीचे स्पीकर मागच्या किंवा खालच्या बाजूला असतात, त्यांतून खर्जातला आवाज येतच नाही, आणि भीती बरीचशी खर्जात असते. घरात जुना होम थिएटर धूळ खात पडला असेल तर तो जोडा. एकटे असाल तर साधा वायरचा हेडफोनही चालेल. रॉबर्ट वाइज यांच्या 'द हॉन्टिंग' (१९६३) मध्ये भूत एकदाही दिसत नाही. बंद दारापलीकडं फक्त धडका ऐकू येतात आणि दार आतल्या बाजूला फुगतं. तो प्रसंग टीव्हीच्या स्पीकरवर आणि मग हेडफोनवर, दोन्हीकडं लावून बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

परभाषेतला सिनेमा मूळ आवाजात, खाली अक्षरं लावून बघा. हिंदी डबिंगमध्ये मामुट्टीचा आवाज जातो, आणि 'ब्रह्मयुगम'मधून मामुट्टीचा आवाज काढला तर उरतं काय? सिनेमे एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर जात राहतात, म्हणून रात्री साडेनऊला शोधत बसण्यापेक्षा दिवसाच नाव टाकून कुठं आहे ते बघून ठेवा. थांबवत थांबवत बघू नका. लघवीला आधीच जाऊन या. मध्ये लाईट गेली तर मात्र ती देवाची कृपा समजा, अंधारात गप्प बसून राहा.

मुलांचा प्रश्न येतोच. आता प्रमाणपत्रांत यूए ७+, यूए १३+, यूए १६+ अशी वयं लिहिलेली असतात, ती वाचा. घरातल्या सगळ्यांना घेऊन बसायचं असेल तर आदित्य सरपोतदार यांचे दोन सिनेमे आहेत, मराठीतला 'झोंबिवली' (२०२२) आणि कोकणातल्या मुंजाची गोष्ट सांगणारा हिंदी 'मुंज्या' (२०२४). दोन्हींत हसू आणि भीती बरोबरीनं आहे. अगदी लहान पोरांना मात्र भीतीची पहिली गोष्ट पडद्यानं सांगू नये. ती आजीनं सांगावी, अंगणात, मांडीवर घेऊन. माझ्या आजीनं सांगितलेला मुंजा पिंपळावरून पाय सोडून बसायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तंबाखू मागायचा. मी त्याला घाबरायचो, आणि त्याची मला दयाही यायची.

ज्यांना वाचायला आवडतं त्यांनी नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या कथा ग्रंथालयातून आणाव्यात. मतकरींचा 'गहिरे पाणी' हा संग्रह आधी घ्या. ज्या भाषेत एवढ्या कसदार भयकथा लिहिल्या गेल्या, त्या भाषेत चांगले भयपट अजून दोन हातांच्या बोटांवर मोजता येतात, याची मला खंत आहे. म्हणूनच 'जारण'सारखा सिनेमा थेटरात लागला की पहिल्या आठवड्यात तिकीट काढून जा. ओटीटीवर येईल तेव्हा बघू, असं आपण सगळेच म्हणतो, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याचे खेळ कमी झालेले असतात.

कारखान्यांचे गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात. एकदा टोळ्या आल्या, की आठ दिवसांत घराभोवतीचं रान मोकळं होतं आणि लांबवरचा रस्ता दिसायला लागतो. 'लपाछपी' त्याआधी बघा. खिडकी उघडी ठेवा.